मुगाच्या कोंबातला प्रोटॉन पंप: ताज्यात शून्य, शिळ्यात जीव आणि क्लोन सगळे मोडके

मूगवाली

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

पुण्यातल्या एका कॉलेजात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष सरत आलं. काम असं: अंधारात वाढवलेल्या मुगाच्या कोंबांतून पेशीपटलावरचा प्रोटॉन एटीपेज वेगळा करायचा, तो नेमका कुठल्या जनुकाचा ते हुडकायचं आणि ते जनुक क्लोन करून यीस्टमध्ये चालवून दाखवायचं. ज्यांचा हा प्रांत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून जे पटल असतं त्यात हा पंप बसलेला असतो. तो एटीपी (पेशीचं इंधन) मोडतो आणि त्या जोरावर प्रोटॉन पेशीबाहेर फेकतो. मुळं मातीतून नायट्रेट, पोटॅशियम आत ओढतात ती याच पंपाच्या जिवावर. साखळी सुमारे ९५० अमिनो आम्लांची, वजन १०० किलोडाल्टनच्या आसपास. अरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगांत नेहमी वापरतात ते छोटं रोप) याची ११ जनुकं आहेत, म्हणजे मुगातही भावंडं असणारच.

माझी कृती (आई म्हणते, "उसळीचीच तर आहे"): मंडईतून आणलेले साधे खायचे मूग. बियाण्याच्या दुकानातले घेत नाही, त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यावर पसरायचे, झाकलेल्या खोक्यात चार दिवस. मग मुळं आणि डाळिंब्या छाटून मधले पांढरे दांडे घ्यायचे, एका वेळी १०० ग्रॅम. बफर बर्फासारखा गार: सुक्रोज, मॉप्स पीएच ७.५, ईडीटीए, डीटीटी, ॲस्कॉर्बेट, पीव्हीपीपी आणि अगदी शेवटी पीएमएसएफ (प्रथिनं कापणाऱ्या विकरांना अडवणारा). मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात पाच-पाच सेकंदांचे चार झटके. गाळायला तुळशीबागेतून आणलेली मलमल, चार पदरी. आमच्या सेंट्रिफ्यूजवर १०,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट), १५ मिनिटं. इथपर्यंत सगळं घरचं.

पुढची अल्ट्रासेंट्रिफ्यूज आमच्याकडे नाही. दुसऱ्या एका संस्थेत वेळ मागून घ्यावी लागते. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, त्यात नळ्या, ते मांडीवर घेऊन रिक्षा. विद्यापीठ चौकात अडकलं की पाऊण तास. तिथे १,००,००० जी, एक तास. जो गाळ बसतो त्यात पेशीतली सगळी मेम्ब्रेन एकत्र असतात. ती दुपदरी मिश्रणात घालते: डेक्स्ट्रान टी-५०० आणि पीईजी ३३५०, दोन्ही ६.३ टक्के, पोटॅशियम फॉस्फेट ५ मिलिमोलर, पीएच ७.८. दोन्ही द्रावणं पाण्यातलीच, तरी एकमेकांत मिसळत नाहीत. पीईजी वर तरंगतो, डेक्स्ट्रान तळाला. पेशीपटल वरच्या थरात जातं, बाकीची खालच्या थरात आणि मधल्या पट्ट्यावर. वरचा थर दोनदा ताज्या खालच्या थराने धुऊन घेते.

आता रडगाणं.

१. वरच्या थरातल्या ताज्या नमुन्यात एटीपेजची क्रिया जवळजवळ शून्य. मात्र जानेवारीतल्या प्रेपमधला (प्रेप म्हणजे नमुना काढायची एक अख्खी खेप) उरलेला नमुना उणे ८० च्या फ्रीझरमध्ये होता, तो सहज म्हणून लावला तर त्यात थोडी क्रिया दिसली! ताजं मेलेलं आणि शिळं जिवंत, हे काय प्रकरण आहे?

२. मोजायची पद्धत मॉलिब्डेटची, सुटलेला फॉस्फेट निळा होतो ती. पण माझा ब्लँकच, म्हणजे तुलनेची नळी जिच्यात रंग यायलाच नको, निळाशार येतो. त्यामुळे वरच्या शून्यावरही माझा धड विश्वास नाही.

३. प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलवर १०० किलोडाल्टनच्या जागी काही नाही. लेनच्या अगदी तोंडाशी एक काळा डाग अडकून बसतो.

४. त्याच दांड्यांच्या आरएनएवरून सीडीएनए (आरएनएची डीएनए-नक्कल) करून पीसीआरने जनुक उचललं. सुमारे २.९ किलोबेसचा एकच स्वच्छ बँड आला, त्या दिवशी मी प्रयोगशाळेत पेढे वाटले. मग ते जास्त प्रती होणाऱ्या नेहमीच्या प्लाझ्मिडमध्ये (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) घालून ई. कोलाय जीवाणूत सोडलं. नुसत्या प्लाझ्मिडच्या ताटलीवर शेकडो कॉलनी, माझ्या ताटलीवर ११, त्याही मोहरीपेक्षा लहान. सहांचं सिक्वेन्सिंग केलं. सहाही मोडके! दोघांत एकेक बेस गायब, एकात बेस जास्तीचा, दोघांत मध्येच थांब-कोडॉन आणि एकात जवळपास पावणेआठशे बेसचा भलताच तुकडा घुसलेला. डीएनएची नक्कल करणारा पॉलिमरेज चुकतोय म्हणून तो दोनदा बदलला, दोन्ही महागातले. फरक शून्य.

गाईड म्हणतात विषय थोडा वळवू. मला वळवायचा नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा, ही विनंती.

रोटरवाला

ताई, मी वैज्ञानिक नाही, अशी यंत्रं चालवतो. २० वर्षं झाली. माझ्यापुरतं सांगतो.

रिक्षाच्या धक्क्यांनी काही होत नाही. वेळेनं होतं. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. पीएच ७.५ ला, बाहेरच्या तापमानाला, तासाभरात निम्म्याच्या खाली येतो. बर्फात जास्त तग धरतो, पण तुम्ही कॉलेजात घातलेला पीएमएसएफ आमच्यासारख्यांकडे पोचेपर्यंत नावापुरता उरतो. निघताना परत घाला.

दुसरं, पहिल्या गाळासाठी एक लाख जी कशाला? ३०,००० जी वर तासभर फिरवलं तरी दुपदरीला पुरेल इतकं मेम्ब्रेन खाली बसतं. तुमच्या १०,००० वाल्या यंत्राचा रोटर एकदा नीट वाचा, बहुतेक ३०,००० ला जात असेल. मग दुपदरीसुद्धा कॉलेजातच होईल, ती १,५०० जी ला पाच मिनिटांत फुटते. पीईजीतून पेशीपटल शेवटी गोळा करायला तेवढं एकदा या. आणि नळ्या तराजूवर तोलून आणा. डोळ्यांनी तोललेल्या नळ्या घेऊन येणाऱ्यांना मी चहाला पाठवतो, यंत्राला हात लावू देत नाही.

शंकासुर

एक बाळबोध शंका. मुगाचा जीनोम २०१४ पासून उपलब्ध आहे. त्यातून जनुक शोधा, कंपनीकडून बनवून घ्या, कुरिअरने येईल. १०० ग्रॅम कोंब छाटत बसण्याची ही हौस कशासाठी? मला खरंच कळत नाहीये, टोमणा नाही.

निवृत्त_पिपेट

मूगवाली, वयाने तू म्हणतो, चालवून घे.

तुझी प्रेप बिघडलेली नाही. चांगली झालीय म्हणूनच शून्य येतंय.

पेशी फुटली की तिच्या पटलाच्या चिंध्या तशाच पडून राहत नाहीत. स्निग्ध थराच्या कडा पाण्यात उघड्या राहू शकत नाहीत, त्या लगेच मिटतात आणि बारीक पिशव्या तयार होतात. आता पिशवी दोन तऱ्हेने मिटू शकते, सुलट किंवा उलट. पीईजीच्या थरात जाणाऱ्या पिशव्या बहुतांशी सुलट असतात. पेशीत असताना जी बाजू बाहेरच्या अंगाला होती ती पिशवीतही बाहेरच. आणि या पंपाचं एटीपी धरणारं तोंड कुठे असतं? पेशीच्या आत. म्हणजे आता पिशवीच्या आत. तू एटीपी घालतेस बाहेरच्या द्रावणात आणि एटीपी पटलातून आपणहून आरपार जात नाही. वाड्याचं दार मागच्या बोळात आहे आणि तू पुढच्या भिंतीवर टकटक करतेयस.

शिळ्याचं कोडं इथेच सुटतं. गोठताना आणि वितळताना पिशव्या फाटतात, पुन्हा मिटतात आणि त्यातल्या काही उलट्या मिटतात. त्यांची एटीपीची बाजू बाहेर आली, म्हणून तुला क्रिया दिसली. फ्रीझरने नमुन्यात जीव घातला नाही, नुसता सदरा उलटा केला. हे निरीक्षण तू टाकून दिलं नाहीस, इथे लिहिलंस, हे मला फार आवडलं. आमच्या वेळी एकाने असाच आकडा "चुकीचा" म्हणून वहीतून खोडला होता. तो एकजण कोण ते सांगत नाही.

उपाय साधा. मोजताना ब्रिज ५८ (सौम्य डिटर्जंट) घाल, ०.०५ टक्के. पिशव्या उघड्या पडतात, बऱ्याचशा उलट्याही होतात. एक नळी ब्रिजशिवाय, एक ब्रिजसह. दोन्हींतला फरक भागिले ब्रिजसहचा आकडा, म्हणजे नमुन्यातला किती भाग बंद सुलट पिशव्यांचा आहे ते कळतं. हा आकडा थिसिसमध्ये अभिमानाने लिही. ट्रायटन एक्स-१०० ही चालतो, पण हात जरा सैल पडला की पंपच बसतो. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

निळा ब्लँक. अगं, तू सुटलेला फॉस्फेट मोजतेस आणि दुपदरी कशात करतेस? पोटॅशियम फॉस्फेटमध्ये! वरचा थर उचलून तसाच लावला असशील तर ती निळाई तुझ्याच बफरची. वरचा थर फॉस्फेट नसलेल्या बफरमध्ये निदान पाचपट पातळ कर, १,००,००० जी ला खाली बसव, पुन्हा एकदा धू. पीईजीही निघून जाईल. रोटरवाल्यांनी सांगितलेली ती एक फेरी यासाठीच. काचसामान साबणाच्या पावडरीने धूत असाल तर तेही तपास, काही पावडरींत फॉस्फेट असतो. मी यात एक अख्खा पावसाळा घालवलाय.

क्रिया दिसली की ती कुणाची हे विचारायचं. एटीपी मोडणारे पेशीत ढीगभर. मोजणीचा पीएच ६.५ ठेव, हा पंप तिथे खुश असतो. मायटोकॉन्ड्रियाच्या एटीपेजला ॲझाइड, रिक्तिकेच्या पंपाला नायट्रेट, फुटकळ फॉस्फेटेजना मॉलिब्डेट. एवढ्यांची तोंडं बंद केल्यावर जे उरेल ते १०० मायक्रोमोलर व्हॅनाडेटने (तो या पंपाला अडवतो) पडलं पाहिजे. व्हॅनाडेटची एक गोम: द्रावण पिवळं-नारिंगी दिसत असेल तर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेत. पीएच १० ला आणायचं, रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करून पीएच पुन्हा बघायचा. पाण्यासारखं नितळ राहिलं की मगच वापर. ॲझाइड विषारी आहे. सिंकमध्ये ओतू नकोस आणि आम्लाजवळ तर मुळीच नेऊ नकोस.

जेल. नमुना उकळतेस ना? नेहमीच्या प्रथिनांना चालतं. हा पंप पटलातून दहा वेळा आरपार गेलेला, तेलकट. उकळला की त्याचे गोळे होतात आणि लेनच्या तोंडाशी बसतात. तुझा काळा डाग म्हणजे बहुधा तोच. ३७ अंशांना अर्धा तास ठेव, बास.

शंकासुर, तुमची शंका बाळबोध नाही. जीनोम सांगतो घरात भावंडं किती. आज या दांड्यांत कामाला कोण गेलंय ते सांगत नाही. मूगवाली बँड कापून त्याचे पेप्टाइड वाचून घेईल तेव्हा कळेल की पटलात प्रत्यक्ष कोण बसलंय. जुन्या लोकांना तर दुसरा रस्ताच नव्हता. ओटच्या मुळांतला पंप शुद्ध करून त्याचे पेप्टाइड वाचले गेले आणि १९८९ मध्ये अरॅबिडॉप्सिसचं जनुक हाती आलं. तेव्हा जीनोम नव्हता, कुरिअरने जनुकंही येत नव्हती.

चौथ्या प्रश्नात मी पडत नाही. क्लोनिंग शिकायच्या वयात मी बीट किसत होतो.

शंकासुर

समजलं. आभार. "आज कामाला कोण गेलंय" हे चपखल.

मूगवाली

काका, मी आत्ता वही उघडून बघितली. वरचा थर तसाच लावत होते. प्रत्येक वेळी. आणि नमुना ९५ अंशांना पाच मिनिटं, कारण भिंतीवरच्या कागदावर तसं लिहिलंय. मला जरा वेळ एकटीला बसू द्या.

व्हॅनाडेट पिवळाच आहे.

रोटरदादा, आमचा रोटर ३५,००० जी पर्यंत जातो असं त्याच्या झाकणावरच लिहिलंय. तीन वर्षं मी ते झाकण रोज उघडतेय.

यीस्टबाई

चौथा प्रश्न माझा.

पॉलिमरेजला दोष देऊ नकोस, बिचाऱ्यांनी नीट काम केलंय. पॉलिमरेज चुकतो तेव्हा बहुतेक एका बेसच्या जागी दुसरा घालतो. अशा बदलांपैकी बरेच निरुपद्रवी असतात. तुझे सहाच्या सहा क्लोन असे मोडलेत की त्यातून पुरं प्रथिन होऊच शकत नाही. चूक इतकी नेमकी नसते. ही निवड आहे. तुझ्या ताटलीवर धडधाकट जनुक घेतलेले जीवाणूही पडले होते, पण त्यांची कॉलनी झालीच नाही. ज्यांच्यात जनुक मोडलं तेवढे जगले. म्हणून ११ आणि म्हणून मोहरीएवढ्या.

तो पावणेआठशेचा तुकडा ई. कोलायच्या डेटाशी ताडून बघ. माझी पैज आहे की तो आयएस१ असेल, ७६८ बेसचा. जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएतला उड्या मारणारा तुकडा. तुझ्या जनुकात तो पाचर बनून बसला आणि त्या पेशीचा जीव वाचला. पॉलिमरेज असला तुकडा आणणार कुठून?

असं का होतं? प्लाझ्मिडवरचा लॅक प्रवर्तक (जनुक चालू करणारं बटण) बंद असतानाही थोडा झिरपतो. त्यात एका पेशीत प्लाझ्मिडच्या शेकडो प्रती. दहा वेळा आरपार जाणारं परकं प्रथिन जीवाणूच्या पटलात थोडं जरी शिरलं तरी त्याला जड जातं. प्रथिन वाहतुकीची वाट अडते. पटलावरच्या प्रथिनांचं काम करणाऱ्या सगळ्यांनी हे कधी ना कधी भोगलंय.

काय करता येईल: कमी प्रती होणारं प्लाझ्मिड घे, जनुक प्रवर्तकाच्या उलट दिशेने घाल, माध्यमात ग्लुकोज टाक म्हणजे लॅक गप्प बसेल, ३७ ऐवजी ३० अंशांना वाढव आणि ताटली दोन दिवस ठेव. मोठ्या कॉलनी उचलायचा मोह आवर. या खेळात लहानखुरी, उशिरा आलेली कॉलनी जास्त प्रामाणिक असते.

पण मी तुझ्या जागी असते तर ई. कोलायला मधून काढलंच असतं. नाहीतरी तुला जायचंय यीस्टमध्येच. पीसीआरच्या प्रायमरना (नक्कल जिथून सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) दोन्ही बाजूंनी ४० बेसची अशी शेपटी लाव जी यीस्टच्या प्लाझ्मिडच्या कापलेल्या टोकांशी जुळेल. कापलेलं प्लाझ्मिड आणि पीसीआरचा तुकडा, दोन्ही एकत्र लिथियम ॲसिटेटने यीस्टमध्ये घाल. यीस्ट स्वतः जोडून घेतं, टोकं जोडणारं विकर, लायगेज, लागत नाही. तीन दिवसांनी कॉलनी. तिच्यातून पुन्हा पीसीआर करून सिक्वेन्सिंगला पाठव.

वाण असा घे ज्याचा स्वतःचा पंप, पीएमए१, गॅलॅक्टोजच्या प्रवर्तकाखाली ठेवलाय. पीएमए१ शिवाय यीस्ट जगत नाही. गॅलॅक्टोजवर स्वतःच्या पंपावर जगेल. ग्लुकोजवर तो बंद, मग मुगाच्या पंपाने पेललं तर जगेल, नाहीतर नाही. यापेक्षा स्पष्ट उत्तर कुठलं जेल देणार?

दोन खाचखळगे. एक, भावंडांचे सिक्वेन्स मधल्या भागात इतके सारखे असतात की पीसीआरमध्ये अर्धवट तयार झालेला धागा पुढच्या फेरीत भलत्याच भावंडाला चिकटतो आणि डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं असं जनुक तयार होतं. फेऱ्या कमी ठेव, लांबवण्याचा वेळ जास्त दे आणि प्रायमर जनुकाच्या बाहेरच्या, न वाचल्या जाणाऱ्या भागांत घे, तिथे भावंडं वेगळी असतात. दोन, या पंपाच्या शेपटाकडे स्वतःचाच ब्रेक असतो. झाडात त्यावरच्या शेवटून दुसऱ्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसतो, मग १४-३-३ नावाचं प्रथिन येऊन तो ब्रेक बाजूला धरून ठेवतं आणि पंप मोकळा होतो. यीस्टमध्ये अख्ख्या लांबीचा वनस्पतीचा पंप बहुधा रडतखडत चालतो. अरॅबिडॉप्सिसच्या अकरा भावंडांपैकी एएचए२ मध्ये हे नीट दाखवलंय: शेपूट छाटलं की यीस्ट झकास वाढतं. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन रूपं कर, अख्खं आणि बांडं. अख्ख्यावर काही वाढलं नाही म्हणून हाय खाऊ नकोस.

आणि गाईडना आयएस१ दाखव. पॉलिमरेजचा तिसरा डबा वाचेल.

निवृत्त_पिपेट

वा. "लहानखुरी, उशिरा आलेली कॉलनी जास्त प्रामाणिक" हे मी वहीत उतरवून घेतलंय, क्लोनिंग येत नसूनही.

मूगवाली

धागा वर काढतेय. सात आठवडे झाले. मध्ये काहीजणांनी व्यनि करून चौकशी केली, त्यांचेही आभार.

यीस्टबाई पैज जिंकल्या. आयएस१ च निघाला, ७६८ पैकी ७६८. तो कागद छापून गाईडच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे जनुक चालतंय की!" त्या दिवसापासून विषय वळवण्याची भाषा बंद आहे.

प्रेपचं सांगते. आता दुपदरीपर्यंत सगळं कॉलेजातच होतं. शेवटच्या फेरीला तेवढी रिक्षा, तीही दुपारी दोनला, चौक त्यातल्या त्यात मोकळा असतो. धुतलेला नमुना, नवा बफर, ब्लँक पहिल्यांदा बिनरंगी आला. मी त्याचा फोटो काढलाय, रिकाम्या नळीचा. ब्रिजशिवाय आकडा अगदी थोडा, ब्रिजसह जवळपास सहापट. म्हणजे पाचातल्या चारांहून जास्त पिशव्या सुलट. उकळून नितळ केलेला व्हॅनाडेट घातल्यावर त्यातलं बहुतेक सगळं पडलं. ॲझाइड आणि नायट्रेटने फारसा फरक नाही. जानेवारीतला शिळा नमुनाही पुन्हा लावला, ब्रिजशिवाय आणि ब्रिजसह. त्यात दोन आकड्यांतलं अंतर ताज्यापेक्षा खूपच कमी. काका, सदरा खरंच उलटा झाला होता.

जेलवर, न उकळता, १०० च्या जागी बँड. मात्र त्याच्या जरा खाली, ९० च्या सुमाराला आणखी एक. आधी वाटलं दुसरं भावंड. मग यीस्टबाईंचं ब्रेकवालं पुन्हा वाचलं आणि शंका आली की प्रेपमध्ये शेपूट तुटत असावं. दोन प्रेप शेजारी शेजारी केल्या, एकीत पीएमएसएफ एकदाच, दुसरीत रोटरदादांनी सांगितल्याप्रमाणे निघताना परत. दुसरीत खालचा बँड जेमतेम दिसतो. गंमत म्हणजे पहिलीत क्रिया जास्त होती! ब्रेक तुटलेला पंप मोकाट धावतो. आकडा मोठा आला म्हणून मी आधीची प्रेप चांगली समजून बसले असते.

वरचा बँड कापून पेप्टाइड वाचायला दिला. दोन जनुकांचे पेप्टाइड मिळाले. एकाचे बरेच, दुसऱ्याचे दोनच. बरेच मिळालेलं पुढे नेतेय. म्हणजे दांड्यांत दोघं कामाला जातात, पण एकाचीच पाळी लांब दिसतेय.

यीस्ट. प्रायमर बाहेरच्या भागात घेतले, ४० बेसची शेपटी लावली. पहिल्या खेपेला कॉलनीच नाहीत, कारण प्लाझ्मिड नीट कापलं गेलं नव्हतं आणि लिथियम ॲसिटेट आमच्याकडच्या एका जुन्या बाटलीतलं होतं. त्याबद्दल जास्त बोलत नाही. दुसऱ्या खेपेला गॅलॅक्टोजवर ४० एक कॉलनी आल्या. पाचांचं सिक्वेन्सिंग केलं, चार नीट, एक डोकं-धड वेगळं असलेलं. हो, तो खळगाही लागलाच. नीट असलेल्यांतून अख्खं आणि बांडं दोन्ही ग्लुकोजवर दाट ते विरळ अशा ठिपक्यांच्या रांगेत लावलं. चौथ्या दिवशी बांड्याच्या रांगेत शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाढ. अख्ख्याच्या रांगेत फक्त पहिल्या, दाट ठिपक्यात पुसट साय धरल्यासारखी. रिकाम्या प्लाझ्मिडची रांग कोरी.

आता अडकलेय ते या पुसट सायीत. अख्खा पंप पटलापर्यंत पोचतोय आणि ब्रेक लावून बसलाय, की आतल्या जाळ्यातच (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये) अडकून पडलाय? दोन्हींत वाढ अशीच दिसेल ना?

यीस्टबाई

अभिनंदन गं! हो, दोन्हींत अशीच दिसेल. वनस्पतीचा पंप यीस्टमध्ये आतल्या जाळ्यात साचतो हे जुनं दुखणं आहे. यीस्टची मेम्ब्रेन सुक्रोजच्या थरांवर वेगळी कर आणि अँटिबॉडीने बघ पंप कुठल्या थरात आहे. आतल्या जाळ्याच्या थरात क्रिया मिळाली तरी वाईट वाटून घेऊ नकोस. यीस्टचा स्वतःचा पंप तिथे फारसा नसतो, त्यामुळे मुगाचा पंप भेसळीविना मोजता येईल. आणि अख्ख्याच्या सायीत काही दिवसांनी एखादी जाडजूड कॉलनी उगवली तर टाकू नकोस, तिचं शेपूट वाच. ब्रेक कुठे तुटतो ते यीस्ट फुकटात सांगेल.

रोटरवाला

सुक्रोजच्या थरांना झुलता रोटर लागेल. आधी फोन करून या. थर करायला तीन तास, फिरायला रात्रभर, आणि ब्रेक बंद ठेवायचा. पंपाचा नाही, यंत्राचा. नाहीतर थांबताना सगळे थर एकत्र होतात.

मूगवाली

दादा, बुधवारी येते. नळ्या तोलून.

काका, ताज्या प्रेपचे चार भाग करून ग्लिसरॉलमध्ये गोठवलेत. डबीवर "शिळं, उलटं" असं लिहून ठेवलंय.

निवृत्त_पिपेट

तारीखही घाल.